उतारावर ठेवलेली कुऱ्हाड

आमच्या घरात सुरी कधी कुणी कुणाच्या हातात देत नसे. ती खाली ठेवायची, हात मागे घ्यायचा, मग दुसऱ्यानं उचलायची. धार हातातून हातात गेली की त्या दोघांत भांडण होतं असं आई म्हणायची, आणि तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. पुष्कळ घरांत ही रीत असेल. पण आमच्याकडे अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिचा कायदाच करून टाकला होता. ठेवणाऱ्यानं 'ठेवली' म्हणायचं. उचलणाऱ्यानं 'घेतली' म्हणायचं. 'घेतली' ऐकू येईपर्यंत पात्यावरून नजर हलवायची नाही. गंमत अशी की अप्पा एरवी काहीच मानत नसत. सोवळं नाही, राहुकाळ नाही, मांजर आडवं गेलं तर थांबून त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि पुढं चालू लागायचे. आई म्हणायची, "एवढं एक तरी माझं ऐकतात, नशीब माझं." कडप्प्यावर सुरी ठेवल्याचा टक् असा आवाज, ठेवली, घेतली, आणि लगेच काकडी चोचवल्याचा आवाज. माझ्या लहानपणच्या सकाळी मला अशाच आठवतात, आणि त्यांच्यावर फिल्टर कॉफीचा वास.

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या भाड्याच्या घराला मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. शेजारपाजारच्या घरांत अशा खोलीत नारळ, जुनी वर्तमानपत्रं आणि मोडका पाळणा असे. आमच्याकडे कुऱ्हाडी होत्या. अप्पा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आठवडाभर उंच स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या यंत्रांचे नकाशे काढायचे आणि रविवारी मागच्या खोलीत आपल्या संसारात रमायचे. संसार हा आईचा शब्द. लोहाराच्या हातची वस्तू असेल तरच ती आत यायची. "कारखान्यातली कुऱ्हाड म्हणजे टपालाचं तिकीट, एक पाहिलं की सगळी पाहिली," असं कारखान्यातच नोकरी करणारे अप्पा म्हणायचे. कोडगूकडची रुंद पोटाची कत्ती होती, शिरशीच्या सुपारीच्या बागांतला चोचीसारखा कोयता होता, बेळगावच्या बाजूच्या एका खेड्यातली ठेंगणी कुऱ्हाड होती. तिचा दांडा तिथल्या लोहारानं बाभळीचा घातला होता. प्रत्येकीच्या दांड्याला एक चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली, आणि चिठ्ठीवर त्या लोहाराचं नाव. आई दारातूनच म्हणायची, "घर आहे का खाटकाचं दुकान? कोणी मुलगी बघायला आलं तर काय सांगू?" बघितली जाणारी मुलगी मीच. अप्पा आतून म्हणायचे, "सांग, मुलीला धार लावता येते."

पण नुसतं भिंतीवर टांगून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. वर्षातून एकदा तरी प्रत्येक पात्यानं रान पाहिलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. म्हणून थंडीच्या दिवसांत, चार सुट्ट्या जोडून आल्या की, अप्पा, माझा मोठा भाऊ माधव आणि मी डोंगरांवर राहायला जायचो. त्या काळी बंगळूरमध्ये असं कोणी जात नसे. शेजारच्या शारदम्मा मला विचारायच्या, "घर इद्दु याके?" म्हणजे घर असताना का?  आता महादेवपुऱ्याकडच्या आयटी कंपन्यांतली पोरं शुक्रवारी संध्याकाळी तंबू पाठीला मारून निघतात. माझा भाचा निखिल, म्हणजे माधवचाच मुलगा, त्यांतला. त्याचे पुण्याचे मित्र माझ्या फ्लॅटवर येतात, कपाट उघडतात आणि म्हणतात, "आत्या, हे सगळं हॅन्डमेड आहे? सॉलिड कलेक्शन आहे हां!" एक-दोन कुऱ्हाडी घेऊन जातात आणि धुऊन, पुसून परत आणतात. चांगली पोरं आहेत. मागच्या खेपेला निखिल मित्रांना हसत हसत सांगत होता, "आमचे बाबा तर लेजेंड होते. अक्षरशः आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली त्यांनी." सगळे हसले. मी कॉफी ओतत होते, ती ओतत राहिले. माधव जाऊन आता तीन वर्षं झाली. हे प्रकरण मी त्या पोरासाठी लिहिते आहे, बाकीच्यांनी वाचलं तर वाचलं.

माधवला मी अण्णा म्हणायची. आमच्याकडे मोठ्या भावाला अण्णाच म्हणतात. पुण्याचे नातेवाईक त्यावर हसायचे, आणि आमच्या मराठीवर तर त्याहून जास्त. अण्णा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. उंच, सावळा, बोलायला कमी आणि चालायला पक्का. चालणं हा त्याचा छंदच. लालबागेला दोन फेऱ्या मारून यायचा आणि मग नाश्त्याला बसायचा. बीएस्सी झाल्यावर त्यानं वनखात्यात रेंजरच्या जागेसाठी परीक्षा दिली. लेखी झाली, मुलाखत झाली, आता फक्त चालायची परीक्षा राहिली होती: एका दिवसात ठरावीक वेळेत कित्येक मैल चालून दाखवायचे. ती म्हणजे त्याच्यासाठी डाव्या हाताचा मळ. मुलाखतीचा निकाल आला त्या दिवशी अप्पांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला. त्यांना स्वतःला रानात नोकरी करायची होती, घरच्यांनी करू दिली नव्हती, हे आईकडून मला कळलं होतं. त्या दिवसांत अप्पांची हाक सारखी घरभर असायची. "माधवा, हे बघ. माधवा, तेल आण. माधवा, हा दांडा धर." मला कोणी हाक मारत नसे, आणि मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. म्हणजे तेव्हा मी तसंच म्हटलं असतं.

अप्पांनी अण्णासाठी नवी कुऱ्हाड करवून घ्यायची ठरवली. बंगळूरच्या शिवाजीनगरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत खादरसाब नावाचे लोहार होते. लॉरीच्या जुन्या कमानपट्ट्या कापून त्यांची पाती घडवायचे. दाढी मेंदीनं लाल, आणि दोन्ही हातांवर केस म्हणून नाही, सगळे भात्याच्या आगीनं नेलेले. ती कुऱ्हाड घडताना आम्ही तिघं समोर बाकावर बसून होतो. भाता, घण, पुन्हा भाता. समोरच्या हॉटेलातून चहा यायचा, त्यात लोखंडाचा वास मिसळायचा. पातं पाण्यात बुडवलं तेव्हा जो आवाज झाला त्यानं मी दचकले आणि अण्णा हसला. खादरसाबनी धार लावून कुऱ्हाड पुढं केली, तर अण्णानं हात मागं घेतले आणि बाकाकडं बोट दाखवलं. खादरसाबना काही कळेना. अप्पांनी समजावून सांगितलं, तसे ते मान हलवत म्हणाले, "अच्छा है साब. हमारे में भी बुजुर्गां बोलते थे." कुऱ्हाड बाकावर ठेवली. अण्णा म्हणाला, "घेतली." खादरसाब म्हणाले, "धार पे हाथ नक्को फेरो बाबा, बाल भी नक्को लगाओ. एकदम नवी है." मग अप्पांनी तिला चामड्याचं झाकण शिवून घेतलं आणि संक्रांतीनंतरच्या सुट्टीत आम्ही निघालो.

मागडीच्या रस्त्यावर बस सोडली की अर्ध्या दिवसाच्या चालीवर तो डोंगर होता. सगळा एकसंध काळा दगड, हत्तीच्या पाठीसारखा, मध्ये मध्ये भेगांत उगवलेली घाणेरी आणि गवत. वर एक सपाट जागा आणि पाण्याचं डबकं. तिथे आम्ही दोन रात्री राहिलो. आईनं पुळियोगरेचं, म्हणजे चिंचेच्या भाताचं, गोज्जू बाटलीत भरून दिलं होतं, भात तिथेच तीन दगडांवर शिजवायचा आणि त्यात ते कालवायचं. एका दिवशी अप्पांनी सोललेल्या पावट्यांची हुळी, म्हणजे आमटी, केली. मीठ विसरले आणि कबूल करेनात. अण्णा गंभीरपणे म्हणाला, "स्वल्प मीठ कमी वाटतंय का, सुनू?" मी म्हणाले, "नाही बाई, मस्त आहे." अप्पा म्हणाले, "खा गुमान." मी सतरा वर्षांची होते. फांद्या फोडायचं काम त्या दोन दिवसांत मला मिळालं, नव्या कुऱ्हाडीनं. वजन पात्याकडं थोडं जास्त होतं, मनगटाला ते लगेच कळायचं. लाकूड पहिल्याच घावात दुभंगत होतं. अप्पा एकदा जवळून जाताना थांबले, बघितलं आणि पुढं गेले. 

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरायला लागलो. त्या दगडावर बूट घसरतात, म्हणून तिघंही अनवाणी, बूट गळ्यात अडकवलेले. अप्पा सर्वांत पुढं, मध्ये अण्णा, शेवटी मी. कुऱ्हाड माझ्याकडे होती कारण सकाळचं लाकूड मी फोडलं होतं. एके ठिकाणी अप्पा एका मोठ्या धोंड्याला वळसा घालून खाली गेले आणि दिसेनासे झाले. त्यांच्यामागून अण्णा निघाला तर त्याच्या पाठीवरची वळकटी घाणेरीच्या जाळीत अडकली. तो वळला, एका हातानं दगडाच्या खोबणीला धरून माझ्याकडं तोंड करून उभा राहिला आणि दुसरा हात वर केला. मी त्याच्यापासून दोन हात वर होते. "सुनू, कुऱ्हाड दे," तो म्हणाला. मी झाकण काढलं आणि वाकले. "अगं, ठेवू नको, हातात दे, हातात!"

मी आयुष्यात कधी कुणाच्या हातात पातं दिलं नव्हतं. सांगते आहे ती सबब नाही, जे झालं ते तसं झालं. त्याचा हात माझ्यासमोर उघडा होता, तो काय म्हणतोय ते मला ऐकू आलं होतं, आणि माझे हात त्यांचं ते करत राहिले. मी कुऱ्हाड दगडावर ठेवली, हात मागं घेतला आणि म्हणाले, "ठेवली."

ती क्षणभर तशीच राहिली. मग सरकली. दगडावर लोखंड घासल्याचा एक लांब आवाज आला, दांडा एकदा उसळला, आणि पातं अण्णाच्या उजव्या पायावर, घोट्याच्या पुढच्या बाजूला बसलं. तो ओरडला नाही. "आ" एवढंच म्हणाला, कुणी अचानक आठवण करून दिल्यासारखं. कुऱ्हाड पुढं खडखडत गेली. मी त्याच्या पायाकडं बघत होते. आधी नुसती एक पांढरी रेघ होती, मग रक्त आलं, भरपूर. मला काही वाटलं नाही. भीती वाटली नाही, दया आली नाही, पळावं असंही वाटलं नाही. दगड पायाला गार लागत होता आणि वर घार फिरत होती, एवढं मला ठाऊक होतं. खालून अप्पा आले, एका हातानं दगड धरत, चढून. त्यांच्या दुसऱ्या हातात ती कुऱ्हाड होती. त्यांनी पाय पाहिला, खांद्यावरचा पंचा काढला आणि घट्ट बांधला. बांधता बांधता मान वर न करता विचारलं, "ठेवली होती, का हातात दिली?"

माझं तोंड उघडलं असेल, नसेल. अण्णा म्हणाला, "हातात. मीच हात पुढं केला. माझ्या हातून सुटली."

"धांदरट," अप्पा म्हणाले.

पुढचं सगळं मला आठवतं, पण कुणीतरी सांगितलेलं आठवावं तसं. अप्पांनी त्याला पाठीवर घेतलं. मी तिघांचं सामान घेतलं. खालच्या वाडीतल्या लोकांनी बैलगाडी दिली, रस्त्यावर एका लॉरीवाल्यानं पुढं बसवून शहरात आणलं. दवाखान्यात त्याला आत नेलं आणि आई आली. आईनं रडून घेतलं, अप्पा भिंतीला टेकून उभे राहिले. संध्याकाळी आम्हा दोघींना घरी पाठवलं. शारदम्मांनी भात आणि सारू आणून ठेवला होता. मी जेवले. चांगली जेवले, दोनदा भात घेतला, ताकही घेतलं. आई माझ्याकडं बघत राहिली. मी ताट घासून उपडं घातलं आणि झोपले, आणि मला लगेच झोप लागली. आज साठी उलटली तरी त्या जेवणाची मला लाज वाटते. पायाचं मी स्वतःला कधीतरी माफ करीन, त्या दुसऱ्या वाढीचं नाही.

पाऊल वर उचलणारी शीर तुटली होती. डॉक्टरांनी शिवली, पण ती पूर्वीसारखी झाली नाही. चालताना अण्णाचं उजवं पाऊल फरशीवर चप्पकन पडायचं, आणि आमच्या गुळगुळीत लाल जमिनीवर तो आवाज घरात कुठंही असलं तरी ऐकू यायचा. चालायच्या परीक्षेची तारीख आली आणि गेली.  त्या दिवशीही आईनं नेहमीप्रमाणे उप्पीट केलं. काही महिन्यांनी अण्णाला एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. नातेवाईक यायचे, चौकशी करायचे, आणि पायावर कुऱ्हाड मारून घेतल्याचा विनोद प्रत्येकाला आपापला नव्यानं सुचायचा. अण्णाही हसायचा. अप्पा हसत नसत. ते पाहुण्यांना म्हणायचे, "एकच नियम घालून दिला होता. हातात घ्यायची नाही. तेवढाही पाळता आला नाही." अण्णा तिथेच खुर्चीत बसलेला असायचा, पेपर वाचत.

आणि अप्पांची हाक बदलली. ते ठरवून झालं असं मला वाटत नाही. पहिल्या रविवारी अण्णा अंथरुणात होता, म्हणून त्यांनी मला बोलावलं, "सुनंदा, तेल आण." मग दुसऱ्या रविवारी. अण्णा उठून हिंडू-फिरू लागला तरी मागच्या खोलीतून नाव यायचं ते माझंच. पात्यांना तेल लावणं, निसण्यावर धार करणं, नवे दांडे बसवून त्यांच्यात पाचर ठोकणं, सगळं मी शिकले. अप्पा चांगले शिक्षक होते. माझ्या हातावर हात ठेवून कोन दाखवायचे, आणि जमलं की "हं" म्हणायचे, त्या "हं"साठी मी दिवसभर बसले असते. "हिचा हात बघा," ते लोकांना म्हणायचे, "कसा स्थिर आहे." खरं का बोलले नाही, असं निखिल विचारील. पहिले काही दिवस मी बधिरच होते, त्यात काही खोटं नाही. मग वाटलं, अण्णानं सांगून टाकलंय, आता मी बोलले तर तो खोटा ठरेल. ही सबब चांगली होती, ती मी बरेच दिवस वापरली. त्याच्या खाली जे होतं ते लिहून टाकते: मला ते आवडत होतं. मला अप्पा हाक मारत होते आणि मला ते सोडायचं नव्हतं. अण्णा कधी त्या विषयावर बोलला नाही, कधी रागानं बघितलं नाही. फक्त मी मागच्या खोलीतून हात पुशीत बाहेर आले की तो मान वर करून माझ्याकडं एकदा पाहायचा, काही विचारल्यासारखा. मी म्हणायची, "कॉफी हवी का?" तो म्हणायचा, "सरी," म्हणजे बरं.

अशी पावणेदोन वर्षं गेली. मग ती खंडेनवमी आली. बंगळूरमध्ये त्या दिवशी सगळं गाव आपापली हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पूजेला लावतं. अप्पांचा देवांशी संबंध नव्हता, पण ही एक पूजा ते मनापासून करायचे. मागच्या अंगणात चटई घालून आम्ही सगळी पाती ओळीनं मांडली. प्रत्येकीला हळद-कुंकू, शेवंतीचं फूल. ती नवी कुऱ्हाडसुद्धा होती; तिला कधी कुणी बाजूला टाकली नव्हती. आईनं नैवेद्याला होळगी केली होती, म्हणजे आपली पुरणपोळी, आणि गरम डाळीचा वास अंगणात येत होता. आरती झाल्यावर अप्पा म्हणाले, "ऐका. माझ्यामागं हे सगळं सुनंदाचं. आजच सांगून ठेवतो. लग्न होऊन गेली तरी बरोबर न्यायचं." आई म्हणाली, "अहो, माधवला तरी..." अप्पा म्हणाले, "त्याच्या हातात पातं द्यायचं? दुसरा पायही जायचा." अण्णा चटईच्या कडेला उभा होता. त्यानं आरतीचं ताट उचललं आणि आत गेला. चप्प, चप्प, चप्प.

आई त्याच्यामागून गेली. अंगणात अप्पा आणि मी उरलो. मी म्हणाले, "अप्पा, त्याच्या हातून नव्हती सुटली. मी ठेवली होती."

ते बोटाचं कुंकू पंचाला पुशीत होते. "काय ठेवली होती?"

"कुऱ्हाड. डोंगरावर. तो हातात दे म्हणत होता. मी दिली नाही. तुम्ही सांगितलं होतं तशी खाली ठेवली, 'ठेवली' म्हणाले, आणि ती घसरली. ठेवली म्हणून घसरली, अप्पा. हातात दिली असती तर काही झालं नसतं."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता मारतील. मारावं असं मला वाटत होतं, खरंच वाटत होतं. मग त्यांचा चेहरा मऊ झाला आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भावाची बाजू घेतेस. बरं आहे. बहिणीनं घ्यावी."

"नाही अप्पा, खरंच. तुम्ही त्याला विचारा."

"विचारायचं काय? त्यानं त्याच वेळी कबूल केलं ना? खोटं कशाला बोलेल?"

"मला वाचवायला."

"माधव?" ते हसले. "एवढं अवधान असतं त्याला, तर कुऱ्हाड सुटली असती का?" आणि आत वळून आईला मोठ्यानं म्हणाले, "अगं ऐकलंस का? ही बघ, आपल्या अंगावर घ्यायला निघालीय. मन बघ पोरीचं!" त्यांना खरंच पटलं नाही, की आपल्या नियमानं मुलाचा पाय गेला हे पटवून घेणं त्यांना झेपलं नसतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी जेवढं बोलले तेवढं त्यांच्या नजरेत मी चढत गेले, आणि तो उतरत गेला.  त्यानंतर त्यांच्याजवळ हा विषय मी पुन्हा काढला नाही. ते गेले तेव्हाही त्यांच्या लेखी अण्णा धांदरटच होता.

अण्णा पुढच्या फाटकाशी सायकल धूत होता. रस्त्यावर पोरं कुंकू भरलेला कोहळा फोडत होती, कुणाची तरी स्कूटर झेंडूच्या माळेत बुडाली होती. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. "अण्णा, मी अप्पांना सांगितलं," मी म्हणाले. "त्या दिवशीचं."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. त्याचा चेहरा मी इतका उघडा पुन्हा कधी पाहिला नाही. लग्नात नाही, निखिल झाला तेव्हाही नाही. "सांगितलंस?" तो म्हणाला. सायकल भिंतीला टेकवून त्यानं हात पुसले, शर्ट खाली ओढला आणि घराच्या दाराकडं बघितलं, आतून आता कोणीतरी बोलावणार असावं तसं. "काय म्हणाले?"

"त्यांचा विश्वास नाही बसला. त्यांना वाटतं मी तुझी बाजू घेतेय."

तो दाराकडंच बघत राहिला. मग म्हणाला, "सरी." खाली बसला आणि चाकाच्या तारा पुसू लागला, एकेक. मी म्हणाले, "तू का म्हणालास तसं? मी कुठं सांगितलं होतं तुला?"

"तू तिथं दगड होऊन उभी होतीस, सुनू. अजून सगळा उतार बाकी होता. अप्पा तुझ्यावर ओरडले असते तर तूही पाय घसरून गेली असतीस." त्यानं फडकं पाण्यात बुडवून पिळलं. "मी ते डोंगर उतरेपर्यंत म्हणालो होतो गं. खाली गेल्यावर तू सांगशीलच, असं धरून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. पावणेदोन वर्षं तो माझ्या शेजारच्या ताटावर बसून रोज दोन वेळा जेवला होता, आणि रोज दोन वेळा, आज सांगेल म्हणून, माझी वाट बघत होता.